पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरी आई, पत्नी, नववीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, महिन्यातून एकदा तिला जळगावला दाखवायला न्यावं लागतं. शाळा घरापासून 11 किलोमीटर. वर्षातून दोनदा पुण्याला बहिणीकडे आणि चैत्रात सप्तशृंगी गडावर जातो. आजवर छोटी गाडी वापरली, आता जुनीच पण मोठी घ्यायची आहे. बजेट साडेनऊ लाख. दोन गाड्या पाहिल्यात. एक 2019 ची टाटा हॅरियर : डिझेल, 82 हजार किलोमीटर, दुसरा मालक, एमएच 19, नऊ लाख. दुसरी 2021 ची किया सेल्टोस : पेट्रोल, 38 हजार किलोमीटर, पहिला मालक, सुरतची म्हणजे जीजे 05, आठ लाख नव्वद हजार, ही मावसभावाने शोधली. हॅरियरवाला म्हणतो, फाइव्ह स्टार गाडी आहे, डोळे झाकून घ्या. कोणती घेऊ?

नमस्कार सर,

आधी त्या फाइव्ह स्टारचं बोलू, कारण तुमचा अर्धा निर्णय त्या एका शब्दापाशी अडलेला दिसतोय. हॅरियरला पाच स्टार मिळाले हे खरं. पण ते मिळाले 2023 च्या ऑक्टोबरात, ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या ठोकून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत, आणि चाचणी झाली ती त्याच वर्षी आलेल्या फेसलिफ्ट, म्हणजे सुधारून आणलेल्या हॅरियरची. तुम्हाला दाखवलेली गाडी 2019 ची आहे, म्हणजे हॅरियर बाजारात आली त्या पहिल्याच वर्षातली. तिला ग्लोबल एनकॅपने कधी स्टार दिलेले नाहीत. गाडी दणकट आहे, तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी8 प्लॅटफॉर्मवरून घेतलेला आहे, आणि मी तिला वाईट म्हणणार नाही. पण धाकट्याची गुणपत्रिका दाखवून थोरल्याला प्रवेश मागितला तर तुम्ही शाळेत द्याल का? इथे तेच चाललंय.

सेल्टोसचा निकाल मात्र तुमच्या गाडीच्या काळाशी जुळणारा आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये दोन एअरबॅगवाली भारतीय सेल्टोस ग्लोबल एनकॅपने ठोकून पाहिली. मोठ्यांसाठी तीन स्टार, मुलांसाठी दोन, आणि सांगाड्यावर 'अस्थिर' असा शेरा. तुमच्या घरात पाच वर्षांचं लेकरू आहे, म्हणून तो दुसरा आकडा मी दोनदा सांगतो : मुलांसाठी दोन.

त्यामुळे या दोघींच्या जोडीला तिसरी एक गाडी बघा असं मी सुचवेन. स्कोडा कुशाक किंवा तिचीच बहीण फोक्सवॅगन टायगुन, दोन्ही 2021 ला आल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये या दोघींना मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठीही पाच स्टार मिळाले, आणि गाडी घसरू लागली की सावरणारी ईएससी त्यांच्या खालच्या व्हेरिएंटपासून आहे. एक लिटरच्या टर्बो पेट्रोलमध्ये 2021-22 ची गाडी तुमच्या बजेटच्या आसपास शोधता येईल. हो म्हणण्याआधी सर्व्हिस सेंटर चोपड्यापासून किती लांब पडतं आणि तुमचा नेहमीचा मिस्त्री तिला हात लावेल का, एवढं विचारून घ्या. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

हे झालं मॉडेलचं. आता सर, तुम्ही मॉडेल विकत घेणार नाही, समोर उभी असलेली एक गाडी घेणार आहात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता माणूस खोगीर बघत नाही. आधी तोंड उघडून दात बघतो, मग खूर उचलतो, मग चार पावलं चालवून बघतो, आणि तोवर किमतीचा शब्द काढत नाही. जुन्या गाडीत खोगीर म्हणजे सनरूफ, मोठी स्क्रीन आणि नवे कोरे सीट कव्हर. तुमच्या पत्रात सनरूफचा उल्लेख नाही, ते वाचून मला बरं वाटलं.

सुरतच्या गाडीबद्दल एक गोष्ट सांगतो, माझ्या घरातली आहे. ऑगस्ट 2006 मध्ये तापीला पूर आला आणि सुरत बुडाली, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. आपल्यातली किती घरं तिकडे उधन्याला, लिंबायतला आहेत. पुढच्या वर्षी पारोळ्याच्या माझ्या मेव्हण्यांनी तिकडून आलेली एक डिझेल गाडी एका एजंटकडून घेतली. मी सोबत होतो. मी इंजिन ऐकलं, धूर पाहिला, चालवून पाहिली आणि घ्या म्हणालो. महिनाभराने बहिणीचा फोन आला, "भाऊ, गाडीमा कसाना तरी वास येस." पावसाळ्यात दारंखिडक्या बंद राहतात म्हणून येत असेल, असं मी म्हणालो. मग काचा आपोआप खाली-वर होऊ लागल्या. आणि एका रात्री धुळ्याहून परतताना, गाडीत दोन्ही भाचरं असताना, हायवेवर हेडलाइट एकदम गेले. समोरून ट्रक येत होते. मेव्हण्यांनी अंदाजाने गाडी कडेला घेतली म्हणून सगळे घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आपण पट्टा लावतो तेव्हा तो निम्माच बाहेर येतो, उरलेला वर्षानुवर्षं आत गुंडाळलेला असतो. तो शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला आणि त्यावर पिवळट गाळाची रेघ होती, बोटाने चोळली की माती सुटत होती. विकणाऱ्याने गालिचे बदलले होते, सीट धुतल्या होत्या, इंजिन चकाचक केलं होतं. पट्ट्याच्या शेवटच्या हातापर्यंत त्याचाही हात पोचला नव्हता आणि माझाही.

तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत पहिल्यांदा पट्टा ओढतो, पाचही. ओढताना अडकला, परत जाताना रेंगाळला, किंवा शेवटच्या भागाचा रंग वेगळा दिसला की थांबायचं. मग डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघायचं. सेल्टोसची स्टेपनी आतच असते, पाण्यात गेली असेल तर तिथे गाळ किंवा गंजाचं तळं राहतं. सीट पूर्ण पुढे-मागे करून खालच्या रुळांचे स्क्रू बघायचे. पाच वर्षांच्या गाडीत ते स्क्रू गंजायला काही कारण नसतं. तुमच्या मावसभावाने पाहिलेली गाडी तशीच असेल असं मी म्हणत नाही. पण तो प्रेमापोटी शोधतोय, आणि प्रेमापोटी माणूस गालिचा उचलत नाही. ते तुम्ही करा.

गाडी ठोकलेली आहे का, हा सुरक्षेचा खरा प्रश्न. बंपर बदललेला असणं, दाराला रंग मारलेला असणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. गावात बैलगाडीची धुरी लागली तरी दार रंगवावं लागतं. बघायचा तो सांगाडा. दाराच्या चौकटीवरचं रबर बीडिंग हाताने खाली ओढलं की सहज निघतं. आत पत्र्याच्या कडेवर स्पॉट वेल्डिंगचे वाटाण्याएवढे गोल खळगे दिसतात, कंपनीचे असले तर सारख्या अंतरावर, एका ओळीत. बोटाने चाचपत जा. ओळ मध्येच तुटली, खळग्यांच्या जागी सलग वेल्डिंग लागलं, किंवा खडबडीत लांबी (पुट्टी) भरलेली जाणवली, तर दाराचा तो खांब कापून जोडलेला आहे. मग गाडी कितीही स्वस्त मिळो, तुमच्या मुलांना तिच्यात बसवू नका. बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही बाजूंच्या एप्रनवरही, म्हणजे चाकांवरच्या आतल्या पत्र्यांवरही असंच बघा, आणि बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवर पान्याच्या खुणा आहेत का तेही. काचांच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका काळच्या आणि सहावी वेगळी, तर ती का बदलली ते विचारा.

टायरच्या कडेवर चार आकडे लंबगोलात कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सेल्टोस फक्त 38 हजार चालली असेल तर टायर पहिलेच, म्हणजे 2020 च्या शेवटचे किंवा 2021 चे असायला हवेत. ते 2024 चे निघाले तर मीटरवरच्या आकड्याबद्दल उघड विचारायचं. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची घासलेली जागाही त्याच प्रश्नाचं उत्तर देतात. पण पक्कं उत्तर सर्व्हिसच्या नोंदीतच मिळतं : चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर मालकालाच मागवायला सांगा. मालक टाळाटाळ करू लागला तर तेही तुमच्या वहीत लिहा.

चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. लागून राहिला तर सिस्टिममध्ये बिघाड. मुळात लागलाच नाही तर जास्त वाईट, कारण मग बहुधा कोणीतरी तो लपवलाय. मिस्त्रीकडचा स्कॅनर लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता आईंचं. तुमच्या पत्रात किंमत, किलोमीटर, मालक सगळं आहे, पण या गाड्यांत आई बसून पाहिली का, ते नाही. घरी ज्या खुर्चीवरून त्या हाताचा आधार न घेता उठतात, तिची उंची मेजरिंग टेपने मोजा. तीच टेप घेऊन गाडीच्या मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजा. हॅरियर उंच गाडी आहे, आत चढताना पाय बराच उचलावा लागतो, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तेच जड जातं. बाहेरून फूटस्टेप लावता येते, पण मग उतरताना पाय नेमका त्या अरुंद पट्टीवर पडायला हवा, अंधारातही. सेल्टोसमध्ये शिरणं त्यामानाने सोपं आहे. मापं काहीही म्हणोत, आईंना दोन्ही गाड्यांत तीन-तीन वेळा चढवा-उतरवा. तिसऱ्या वेळी त्या दाराचा आधार कुठे शोधतात, ते बघा. आणि त्या बसल्यावर तळवे जमिनीला टेकून मांड्या सीटवर पूर्ण टेकतात का, तेही. मांडी अधांतरी राहिली तर पुण्यापर्यंत पाय भरून येतील.

मग सगळे बसा आणि गाडी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला घाला. शोरूमवाल्याचा गुळगुळीत हायवे तुमच्या कामाचा नाही. काचा बंद, गाणी बंद, चाळीसचा वेग. खड्ड्यात धप्प असा एकच आवाज आला तर ठीक. खडखड आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा बुश गेलेत, ते स्वस्तात होतं. कुठे काहीतरी सैल आपटल्यासारखं वाटलं तर खाली रॅम्पवर बघायला लावा. या वेळी तुम्ही मागे आईंशेजारी बसा, चालवायला दुसऱ्याला द्या. मागे बसल्याशिवाय मागच्याचे हाल कळत नाहीत, आणि तुमच्या घरातली तीन माणसं मागे बसणार आहेत.

एसीची परीक्षा सकाळी घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. गाडी दुपारी दोनला उन्हात तासभर उभी करा, मग सुरू करून जागेवर दहा मिनिटं एसी चालवा. मागच्या झरोक्यांतून थंड हवा येते का, आणि इंजिनचं तापमान चढतंय का, दोन्हीकडे लक्ष ठेवा. इंजिनचं मात्र उलटं आहे. ते सकाळी गार असताना ऐका. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी आल्याशिवाय गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने काहीतरी झाकलंय. गार इंजिनला सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो आणि जातो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, तिथून सरळ घरी या.

क्लच असा बघा : गाडी सपाटीला उभी, हँडब्रेक ओढलेला, पुढे मोकळी जागा. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच चांगला. गुरगुरत राहिलं तर प्लेट संपत आलीय. 82 हजार चाललेल्या हॅरियरला हे बघणं फार गरजेचं आहे, कारण पुढचा क्लच बहुधा तुमच्याच खिशातून जाणार.

डिझेल की पेट्रोल हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा सगळा हिशेब तिथेच आहे. शाळा, जळगाव, पुणे, गड मिळून तुमचे वर्षाला नऊ-साडेनऊ हजार किलोमीटर होतात. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरा, सेल्टोसला लिटरमागे 12 आणि हॅरियरला 13 किलोमीटर धरा, तरी डिझेलची बचत वर्षाला 15-16 हजारांच्या पुढे जात नाही. हॅरियरचे टायर, सर्व्हिस आणि विमा मिळून ती कधीच फस्त करतील. शिवाय रोज 11 किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या डिझेलला नीट तापायलाच वेळ मिळत नाही. 2019 ची गाडी बीएस4, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांची आहे म्हणून त्यातल्या त्यात बरं. एप्रिल 2020 नंतरची बीएस6 डिझेल असती तर धुराड्यातला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, अशा छोट्या फेऱ्यांनी चोंदत राहिला असता. जे वाचक रोज दीड-दोनशे किलोमीटर फिरतात, केळीच्या व्यापारात रावेर-सावदा-बऱ्हाणपूर करतात, त्यांना मी डिझेलच घ्या म्हणेन. तुम्हाला पेट्रोल.

पण जीजे पासिंगमुळे सेल्टोसची किंमत आठ-नव्वदवर थांबत नाही. सुरत आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28 लागेल, आणि गाडी कायमची इकडे आणली की महाराष्ट्राचा एकरकमी कर भरून एमएच नंबर घ्यावा लागेल. गाडीच्या वयाप्रमाणे करात वजावट होते, तरी हा आकडा चार-दोन हजारांत भागणारा नाही. सौदा करायच्या आधी जळगावच्या आरटीओत जाऊन तो लिहून आणा आणि किमतीत मिळवा. कदाचित त्या एका आकड्यावरच तुमचा निर्णय होईल.

बाकी कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या पोर्टलवर आरसी, बँकेचा बोजा आणि चलनं स्वतः बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या. विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या, आणि 'नो क्लेम बोनस लागू आहे' या बोलण्यावर हप्त्याचा हिशेब करू नका. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ती सवलत मालकाची असते, गाडीसोबत येत नाही.

साडेनऊ लाख ही गाडीची किंमत धरू नका. टायर, बॅटरी, इंजिनचे पट्टे, पहिली सर्व्हिस यांसाठी 60-70 हजार बाजूला ठेवा. मुलासाठी चांगली बूस्टर सीट त्यातच आली. मागच्या सीटच्या पाठीच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट अडकवायचे लोखंडी हुक लागतात का बघा, आणि मधल्या जागेला तीन टोकांचा पट्टा आहे की नुसता कमरेचा, तेही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम 194बी प्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर एक हजाराचा दंड आहे, पण मी दंडासाठी सांगत नाही. माझी भाचरं त्या रात्री मागे उभी राहून पुढे बघत होती. पाच वर्षांचं मूल आजीच्या मांडीवर बसवू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. आणि आईंचा पट्टाही लावा.

तर माझं मत : हॅरियर सोडा. वाईट आहे म्हणून नव्हे, आईंच्या गुडघ्यांना आणि तुमच्या फेऱ्यांना ती जुळत नाही म्हणून. सोमवारी शाळा सुटल्यावर आरटीओतून कराचा आकडा आणण्याची व्यवस्था करा. तो धरूनही सेल्टोस बजेटात बसली तर एखाद्या रविवारी पहाटे मिस्त्रीला घेऊन सुरतला जा. त्याच आठवड्यात जळगाव-नाशिककडच्या दोन कुशाक किंवा टायगुन बघून घ्या, म्हणजे तुलना होईल. तिन्हींत सांगाडा न कापलेली आणि सर्व्हिसची नोंद सलग असलेली जी निघेल, ती घ्या. दोन निघाल्या तर कुशाक-टायगुनकडे माझा कल आहे, तुमच्या मुलासाठी. आईंना बघायला नक्की न्या. आणि मेजरिंग टेप विसरू नका.